घरात हिपॅटायटिस बी, मामांना लिव्हरचा कॅन्सर: जनुकांची तपासणी करून घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ 38 वर्षांचे. आईला हिपॅटायटिस बी, मोठ्या भावाला आहे, यांना स्वतःला आहे. धाकटी बहीण मात्र निगेटिव्ह. मामा 52 व्या वर्षी लिव्हरच्या कॅन्सरने गेले. पत्नीचं रक्त तपासलं तेव्हा तिला हा संसर्ग कधीतरी होऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या, पण विषाणू आता नाही. सहा वर्षांची मुलगी आहे, तिचं लसीकरण झालंय. एका लॅबने 'यकृत-प्रतिकार जनुक पॅनेल' सुचवलंय आणि नमुन्यादाखल एक रिपोर्टही दिलाय. त्यांचं म्हणणं: "आमच्या घराण्याच्या प्रतिकारशक्तीतच काही खोट आहे का? ती मुलीत उतरली असेल का? ही तपासणी करून घेऊ का?"

मी यकृतविकारांचा डॉक्टर आहे, हिपॅटायटिस बी आणि सीचे पेशंट रोजच्या ओपीडीत असतात. तपासणीपुरतं उत्तर आधीच देऊन टाकतो: तुम्ही ती करू नये. पण एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही आणि होऊही नये, कारण तुमची शंका रास्त आहे. या आजारात जनुकांचा वाटा आहेच. तो किती, कुठल्या टप्प्यावर, आणि तुमच्या घरात जे घडलंय त्याचा उलगडा त्यातून होतो का, हे बघायला हवं.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. विषाणू अंगात शिरल्यावर तो ठाण मांडणार की निघून जाणार? ठाण मांडलंच तर यकृताची किती नासधूस होणार? आणि त्यातून पुढे कॅन्सर होणार का? प्रतिकारशक्तीची जनुकं या तिन्ही ठिकाणी हात घालतात, पण दरवेळी एकाच दिशेने नाही. पॅनेल विकणारे नेमके हे तीन टप्पे एकत्र कालवतात आणि खाली 'उच्च धोका' असा एकच शिक्का मारतात.

आधी जनुकं बाजूला ठेवून तुमचं घर बघू.

हिपॅटायटिस बीमध्ये सगळ्यात मोठा फरक पडतो तो संसर्ग कोणत्या वयात झाला याने. जन्माच्या वेळी आईकडून विषाणू मिळालेल्या बाळांपैकी सुमारे 90 टक्क्यांत तो कायमचा राहतो. प्रौढपणी पहिल्यांदा संसर्ग झालेल्यांत हे प्रमाण 5 टक्क्यांच्याही खाली आहे. मधल्या वयातली लहान मुलं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येतात. विषाणू तोच, जनुकं तीच, फक्त वय वेगळं, आणि निकाल इतका उलटा. नवजात बाळाची प्रतिकारयंत्रणा या विषाणूला परका म्हणून ओळखत नाही, त्याला सांभाळून घेते. मोठ्या माणसाची यंत्रणा त्याच्यावर तुटून पडते, काही आठवडे कावीळ होते किंवा तीही होत नाही, आणि विषय संपतो.

आता तुमची आई आणि मामा बहीणभाऊ. एकाला कॅन्सर होण्याइतका जुना आजार, दुसरीला विषाणू अजूनही आहे. याचा सरळ अर्थ मी असा लावेन की दोघांनाही तो त्यांच्या आईकडून, म्हणजे तुमच्या आजीकडून, जन्माच्या सुमारास मिळाला. मामांच्या अंगात तो विषाणू चार दिवसांचा पाहुणा नव्हता, पाच दशकांचा बिऱ्हाडकरू होता. तुम्ही आणि मोठा भाऊ ही त्याच वाटेवरची पुढची पिढी. आजी हयात नसतील तर हे सिद्ध करता येणार नाही, पण दुसरं कुठलंही स्पष्टीकरण याहून ओढूनताणून आणलेलं वाटेल.

मग धाकटी बहीण कशी वाचली? लोक म्हणणार, तिने वडिलांची जनुकं घेतली. असेलही. पण आधी एक साधी गोष्ट तपासायची. आईच्या रक्तात 'ई-अँटिजेन' (विषाणूचं एक प्रथिन) असतो तेव्हा विषाणू प्रचंड प्रमाणात वाढत असतो आणि लस वगैरे काही न देता बाळाला संसर्ग होण्याची शक्यता 70 ते 90 टक्के असते. वय वाढत जातं तसा बऱ्याच बायकांचा ई-अँटिजेन आपोआप जातो, विषाणूचं प्रमाण खाली येतं आणि त्यानंतर झालेल्या बाळाचा धोका खूपच कमी होतो. थोरल्या दोघांना आजार आणि शेंडेफळ निरोगी, असं चित्र मी अनेक घरांत पाहिलंय. ते दिसायला हुबेहूब जनुकांसारखं दिसतं, पण भावंडांच्या जन्मांच्या मधल्या वर्षांत आईचंच रक्त बदललेलं असतं. शिवाय बहिणीच्या जन्मानंतर लगेच लस दिली गेली असेल, तर तिसरा खुलासा करायची गरजच नाही. तिची 'अँटी-एचबीसी टोटल' ही तपासणी केलीत तर निम्मं कोडं सुटेल. ती पॉझिटिव्ह आली तर तिला संसर्ग होऊन गेला आणि तिने तो घालवला. निगेटिव्ह आली तर बहुधा तो तिच्यापर्यंत पोचलाच नाही. या दोन फार वेगळ्या कहाण्या आहेत, आणि प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा संबंध फक्त पहिलीत येतो.

तुमच्या पत्नीची गोष्ट याच्या उलट आणि अगदी नेहमीची. तिला प्रौढ वयात संसर्ग झाला असणार आणि तिने तो घालवला, शंभरातले पंच्याण्णव प्रौढ घालवतात तसा. त्यासाठी तिची जनुकं असामान्य असायची गरज नाही. एक मात्र तिने लक्षात ठेवायचं. विषाणू रक्तातून गेला तरी त्याचा थोडा अंश यकृताच्या पेशींत दडून राहतो. पुढे कधी केमोथेरपी, रिटुक्सिमॅब किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं मोठं औषध घ्यायची वेळ आली, तर 'मला हिपॅटायटिस बी होऊन गेलाय' हे डॉक्टरांना आधी सांगायचं. अशा वेळी तो पुन्हा डोकं वर काढू शकतो.

इथपर्यंत एकाही जनुकाचं नाव न घेता तुमच्या घरातला जवळजवळ सगळा नकाशा भरून निघाला. उरतो तो प्रश्न असा: शंभर बाळांपैकी ज्या दहांत विषाणू टिकत नाही ती वेगळी का? शंभर प्रौढांपैकी ज्या चार-पाच जणांत तो अडकून बसतो, ते कमनशिबी का? जनुकांची जागा इथे आहे.

यातली सगळ्यात महत्त्वाची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एका पट्ट्यात दाटीवाटीने बसलेली आहेत. त्यांना एचएलए म्हणतात. ती जे रेणू बनवतात त्यांचं काम विषाणूचे बारीक तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या शिपायांना, दाखवणं. कुणाचा रेणू कुठला तुकडा पकडू शकतो हे माणसागणिक बदलतं. एखाद्याचा रेणू विषाणूचा असा भाग पकडतो की टी-पेशी लगेच सावध होतात. दुसऱ्याच्या रेणूला तो भाग धरताच येत नाही. आईकडून एक संच, वडिलांकडून एक. दोन्ही संच वेगळे असले तर जास्त प्रकारचे तुकडे दाखवता येतात, आणि हिपॅटायटिस बी घालवण्यात अशा लोकांना थोडा फायदा दिसलेला आहे.

1995 मध्ये गांबियातल्या अभ्यासात डीआरबी1*1302 हा एचएलए प्रकार असलेल्यांत विषाणू टिकून राहण्याचं प्रमाण कमी आढळलं. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी संपूर्ण जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, चाळला आणि एचएलए-डीपी या भागातल्या दोन खुणांचा (डीएनएतल्या एका अक्षराच्या फरकांचा) दीर्घकालीन हिपॅटायटिस बीशी संबंध दाखवला. 2011 मध्ये त्याच पट्ट्यातला एचएलए-डीक्यू पुढे आला. डीपीचा निष्कर्ष आशियातल्या इतर लोकसमूहांतही पुन्हा पुन्हा मिळाला, तेव्हा ते काम पक्कं आहे. पण या अभ्यासांत मोजली जाते ती खूण. खरं काम करणारं जनुक शेजारचं असू शकतं, कारण या पट्ट्यातली जनुकं गठ्ठ्याने वारशात येतात. चोरी कुठल्या गल्लीत झाली ते कळतं, कुठल्या घरात ते नाही. डीपीच्या बाबतीत 2012 मध्ये याचा एक धागा हाती लागला: डीपीबी1 जनुकाच्या शेपटाकडचा एक फरक त्या रेणूचं उत्पादन कमीजास्त करतो, आणि उत्पादन कमी असलेले लोक विषाणू घालवण्यात पुढे निघाले. जास्त रेणू म्हणजे जास्त संरक्षण, असा सरळ हिशेब इथे लागत नाही.

आता या खुणेचं वजन किती ते एक ढोबळ गणित करून बघू, कारण पॅनेलवाले हे गणित कधीच करून दाखवत नाहीत. जपानच्या त्या अभ्यासात संरक्षक प्रकाराचं गुणोत्तर साधारण 0.56 होतं. हे 'ऑड्स'चं, म्हणजे होण्याच्या आणि न होण्याच्या शक्यतांच्या प्रमाणाचं, गुणोत्तर आहे, टक्क्यांचं नव्हे. जन्मतः संसर्ग झालेल्या बाळाचा धोका 90 टक्के, म्हणजे ऑड्स 9 ला 1. त्याला 0.56 ने गुणलं तर 5 ला 1, म्हणजे सुमारे 83 टक्के. प्रौढाचा धोका 5 टक्के धरला तर तो जवळपास 3 टक्क्यांवर येतो. प्रत्यक्ष अभ्यासांतले गट इतके नीटनेटके नसतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे धरू नका, पण मापाचा अंदाज येतो. चांगलं जनुक मिळालेलं बाळ 90 वरून 83 वर, आणि वाईट जनुक मिळालेला प्रौढ तरीही 5 च्या आसपास. वयाने पडणाऱ्या फरकापुढे जनुकाचा फरक केवढा, ते तुम्हीच ठरवा. आणि तुमच्याबाबतीत तर हा निकाल लागून अडतीस वर्षं झाली. विषाणू टिकला, हे आपल्याला माहीत आहे. तो टिकण्याची शक्यता किती होती, हे आता मोजून करायचं काय?

जनुकांचा हात खरा ठळक दिसतो तो हिपॅटायटिस सीमध्ये. तो तुमचा आजार नाही, पण पॅनेलमधली निम्मी नावं तिथून उचललेली आहेत म्हणून थोडा रेंगाळतो. हिपॅटायटिस सीचा संसर्ग झालेल्यांपैकी साधारण 30 टक्के लोक सहा महिन्यांत, औषधाशिवाय, विषाणू घालवतात. बाकीच्यांत तो राहतो. का? याचं उत्तर शोधायला एका दुर्दैवी घटनेने मदत केली. 1977-78 मध्ये आयर्लंडमध्ये बाळंतपणाशी संबंधित अँटी-डी इम्युनोग्लोब्युलिन हे इंजेक्शन दूषित निघालं आणि अनेक स्त्रियांना त्यातून हिपॅटायटिस सी झाला. एरवी असे अभ्यास करताना प्रत्येकाचा विषाणू वेगळा, वाट वेगळी, वय वेगळं. इथे सगळ्या स्त्रिया, सगळ्या तरुण, सगळ्यांना एकाच उगमातला, एकाच जनुकप्रकाराचा विषाणू. तरी काहींनी तो घालवला, काहींनी नाही. तेव्हा उरलेला फरक माणसांतला. त्यांच्यात एचएलए-बी27 असलेल्या बायका विषाणू घालवण्यात आघाडीवर होत्या.

कारणही नंतर बऱ्यापैकी उलगडलं. बी27 चा रेणू विषाणूचा असा एक भाग दाखवतो, की तो बदलला तर विषाणूचं स्वतःचंच काम अडतं. त्यामुळे रूप पालटून निसटणं त्याला जड जातं. पण हा भाग हिपॅटायटिस सीच्या पहिल्या जनुकप्रकारात असतो. इतर प्रकारांत तो वेगळा आहे, आणि तिथे बी27 चं संरक्षण मिळत नाही. म्हणजे एकच जनुक एका विषाणूपुढे ढाल आणि त्याच्या चुलतभावापुढे निरुपयोगी. शिवाय हाच बी27 कण्याच्या अँकायलोझिंग स्पाँडिलायटिसचा धोका वाढवतो, तेव्हा त्याला 'चांगलं जनुक' म्हणावं की वाईट?

असंच 2004 मध्ये नैसर्गिक मारेकरी पेशींच्या (बिघडलेल्या पेशी टिपणाऱ्या रक्तपेशींच्या) केआयआर जनुकांबद्दल दिसलं. केआयआर2डीएल3 आणि एचएलए-सीचा एक विशिष्ट गट अशी जोडी दोन्ही बाजूंनी मिळालेले लोक हिपॅटायटिस सी जास्त वेळा घालवत होते, पण ज्यांना विषाणूचा थोडा डोस मिळाला होता त्यांच्यातच. रक्त चढवताना भरपूर विषाणू गेलेल्यांत हा फायदा पुसला गेला होता. जनुक एकटं काही ठरवत नाही. डोस, विषाणूचा प्रकार, वय हे सगळं मिळून ठरतं, असं मी पेशंटना सांगतो ते या कारणाने.

आणि आयएल28बी. तुमच्या नमुना रिपोर्टात हे नाव ठळक अक्षरांत आहे. 2009 मध्ये एकाच वर्षी अनेक गटांनी दाखवलं की या जनुकाजवळच्या एका खुणेवरून हिपॅटायटिस सीवरच्या तेव्हाच्या इंटरफेरॉनच्या उपचाराला कोण दाद देईल ते बरंच सांगता येतं. सीसी प्रकारवाल्यांना, म्हणजे आईवडील दोघांकडून त्या जागी सी हे अक्षर मिळालेल्यांना, बरं होण्याची संधी इतरांपेक्षा साधारण दुप्पट होती. आपोआप विषाणू घालवण्याशीही तिचा संबंध निघाला. ती तपासणी आम्ही खरोखर वापरायचो. इंटरफेरॉन म्हणजे अठ्ठेचाळीस आठवडे इंजेक्शनं, ताप, नैराश्य, रक्तपेशी घसरणं. पेशंटला त्यात ढकलायचं की नाही हे ठरवताना त्या एका अक्षरजोडीला किंमत होती. मग 2013 च्या शेवटी सोफोसबुव्हिर हे गोळीचं औषध आलं, पाठोपाठ गोळ्यांचे बाकीचे संच आले. आठ ते बारा आठवडे गोळ्या, पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त लोक बरे, जनुक कुठलंही असो. तपासणी ओपीडीतून नाहीशी झाली. विज्ञान खोटं ठरलं नाही, त्याच्या आधारावर घ्यायचा निर्णयच उरला नाही. 2013 मध्ये त्या खुणेमागे आयएफएनएल4 नावाचं जनुक सापडलं, आणि गंमत म्हणजे ज्यांचं शरीर हे विषाणूविरोधी वाटणारं प्रथिन बनवू शकतं, तेच हिपॅटायटिस सी घालवण्यात मागे पडतात.

यावरून तुमच्या "प्रतिकारशक्तीत खोट आहे का" या शब्दांकडे येतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही. लहानपणी संसर्ग झालेल्या कित्येक मुलांच्या रक्तात मिलिलिटरमागे कोट्यवधी विषाणू असतात आणि लिव्हरचे एन्झाइम मात्र नॉर्मल. नासधूस सुरू होते ती पुढे, प्रतिकारयंत्रणा जागी होऊन विषाणू बसलेल्या पेशी मारायला लागते तेव्हा. तिने काम पुरं केलं तर उत्तम. अर्धवट केलं, म्हणजे दहा-वीस वर्षं पेशी मारत राहिली पण विषाणू संपवू शकली नाही, तर त्या मरणाऱ्या आणि पुन्हा उगवणाऱ्या पेशींतून व्रण, सिरॉसिस (यकृत व्रणांनी निबर होणं) आणि कॅन्सरची पायाभरणी होते. तेव्हा प्रतिकारशक्ती जोरात आहे की मंद, याने तुमचं भलं होईल की बुरं ते ठरत नाही. ती वाढवण्याचे दावे करणारी पुड्या-चूर्णं माझ्या पेशंटनी घेऊन लिव्हर सुजवून आणल्याचं मी पाहिलंय, तेवढी कृपया टाळा.

कॅन्सरच्या टप्प्यावर तर जनुकांचं चित्र आणखी विस्कळीत आहे. एमआयसीए हे उदाहरण घ्या. संकटात सापडलेली पेशी हा रेणू पृष्ठभागावर आणते आणि मारेकरी पेशी तो पाहून तिला टिपतात. 2011 मध्ये जपानी अभ्यासात या जनुकाजवळच्या एका खुणेचा हिपॅटायटिस सीमधून होणाऱ्या कॅन्सरशी संबंध मिळाला. पुढच्या वर्षी तीच खूण हिपॅटायटिस बीच्या पेशंटमध्ये पाहिली, तर धोक्याची बाजू उलटी! सीमध्ये जे अक्षर धोक्याचं, ते बीमध्ये सुरक्षित. दुसरं, 2010 मध्ये चीनमधल्या अभ्यासातून केआयएफ1बी हे जनुक हिपॅटायटिस बीच्या कॅन्सरसाठी पुढे आलं. नंतर इतर आशियाई गटांत शोधलं तेव्हा संबंध सापडला नाही. 2013 मधलं स्टॅट4 त्यामानाने बरं टिकलंय, पण त्याचा परिणाम छोटा आहे. तुमच्या नमुना रिपोर्टात ही तिन्ही नावं आहेत, एमआयसीएपुढे कुठल्या विषाणूसाठी ते लिहिलेलंच नाही, आणि आयएल28बीचं 'प्रतिकूल' अक्षर हिपॅटायटिस बीच्या माणसाच्या धोक्यात सरळ मिळवलंय. ही बेरीज कुठल्या आधारावर केली, ते त्यांनाच विचारा.

आता याच्याशेजारी साध्या तपासण्यांचं वजन ठेवा. तैवानमध्ये 3,653 हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह लोकांचा सरासरी अकरा वर्षं मागोवा घेतला गेला. निष्कर्ष 2006 मध्ये आले. सुरुवातीला ज्यांच्या रक्तात मिलिलिटरमागे 300 हून कमी विषाणू-प्रती होत्या, त्यांच्यात कॅन्सरचं एकूण प्रमाण 1.3 टक्के; दहा लाखांवर होत्या त्यांच्यात 14.9 टक्के. अकरा पटींहून जास्त फरक, एका नेहमीच्या व्हायरल लोडने दाखवलेला. (तुमचा रिपोर्ट आययूमध्ये येईल, 1 आययू म्हणजे साधारण 5 प्रती.) वरच्या यादीतलं एकही जनुक याच्या आसपास पोचत नाही.

"पण मग घराण्याचा इतिहास मोजायचाच नाही का?" मोजायचा, नक्की मोजायचा. तैवानच्याच लोकांवरच्या अभ्यासात विषाणू असलेल्यांत, घरात लिव्हरचा कॅन्सर झालेला नसताना आयुष्यातला साचत गेलेला धोका साडेसात टक्क्यांच्या आसपास, आणि झालेला असताना त्याच्या दुप्पट निघाला. मात्र विषाणू नसलेल्यांत घरचा इतिहास असो वा नसो, धोका एक टक्क्याच्या आतच राहिला. हा निकाल तुमच्या मुलीच्या दृष्टीने नीट वाचा. घराण्यातून जे काही उतरतं ते विषाणूच्या खांद्यावर बसूनच काम करतं. विषाणू नाही, तर त्याला जोर नाही. आणि 'घराणं' म्हणजे तरी फक्त जनुकं कुठे? त्यात त्याच आजीकडून आलेला त्याच जातीचा विषाणू आहे, तितकाच लवकर झालेला संसर्ग आहे, एकाच घरातलं धान्य आहे. बुरशी लागलेल्या मक्यात, शेंगदाण्यांत अफ्लाटॉक्सिन तयार होतं. शांघायमधल्या एका अभ्यासात नुसत्या अफ्लाटॉक्सिनने कॅन्सरचा धोका तिपटीहून थोडा जास्त, नुसत्या हिपॅटायटिस बीने सात पट, आणि दोन्ही मिळून 60 पटींच्या घरात गेला होता. असे घटक कुठलंही पॅनेल मोजत नाही.

जनुकांच्या तपासण्यांना माझा सरसकट विरोध आहे असं समजू नका. तरुण वयात सिरॉसिस आहे आणि विषाणू, दारू, चरबी काहीच सापडत नाही, अशा वेळी विल्सनच्या आजारासाठी एटीपी7बी किंवा लोह साचण्याच्या आजारासाठी एचएफई मी स्वतः मागवतो. तिथे एक जनुक आजार घडवतं, निकालावर उपचार ठरतो आणि भावंडांनाही तपासता येतं. एचएलए वगैरेंचा स्वभाव तसा नाही. ती पारडं किंचित कलवतात. तुमच्या पॅनेलचा निकाल 'उच्च धोका' आला तर मी तुम्हाला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगेन; 'कमी धोका' आला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीच सांगेन. धास्ती वाटते ती दुसऱ्या निकालाची, कारण तो खिशात घेऊन माणसं तीन वर्षं फिरकत नाहीत.

तेव्हा करायचं काय. तुमचं: व्हायरल लोड, एएलटी (लिव्हरचं एन्झाइम), ई-अँटिजेन, प्लेटलेट, फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारा स्कॅन), आणि एकदा हिपॅटायटिस डी व सीची तपासणी. औषध सुरू करायचं की नाही हे यांवर ठरेल, ते इथे बसून सांगता येणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी औषधाचा उंबरठा बराच खाली आणलाय आणि घरात लिव्हरचा कॅन्सर असणं हे त्यांनी उपचाराच्या बाजूने धरलंय. मामा हे सख्ख्या आईवडील-भावंडांत मोडत नाहीत, म्हणून काही डॉक्टर थांबून पाहू म्हणतील. तुमच्या घरात विषाणूची वाट एकच दिसते, त्यामुळे मी मामांना पूर्ण वजन देईन. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर ही विषाणू दाबणारी औषधं घेतल्याने कॅन्सरचा धोका कमी होतो, शून्य होत नाही, म्हणून सोनोग्राफी औषध सुरू असतानाही चालू ठेवायची. आशियाई पुरुषांत ती चाळिशीनंतर असा जुना संकेत आहे. घरात कॅन्सर असेल तर मी चाळिशीची वाट पाहत नाही. सहाच महिने का? गाठ दुप्पट व्हायला साधारण तेवढाच काळ घेते, आणि लहान असताना सापडली तर ती काढता किंवा जाळता येते. हिपॅटायटिस बीमध्ये सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो, तेव्हा 'फायब्रोस्कॅन छान आलाय' म्हणून सोनोग्राफी टाळू नका. भावालाही हे सगळं लागू.

मुलीचं: तिला तुमच्या एचएलएचा एक संच मिळालाय, दुसरा आईचा. त्याने आजार होत नाही, विषाणूने होतो, आणि तिच्या आईच्या रक्तात तो नाही. पत्नीला संसर्ग नेमका कधी झाला हे माहीत नाही आणि घरात तुम्ही पॉझिटिव्ह आहात, म्हणून मुलीच्या एकदा या तीन तपासण्या करून घ्या: एचबीएसएजी (विषाणू आहे का), अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का) आणि अँटी-एचबीसी (संसर्ग होऊन गेलाय का). एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएस 10 च्या वर असेल तर ती सुरक्षित. खाली असेल तर एक जादा डोस देऊन महिन्याभराने पुन्हा बघायचं. लशीला प्रतिसाद न देणारे थोडे लोक असतात, आणि तिथे एचएलएचा हात आहे हे खरं. पण त्यासाठीही आम्ही जनुक तपासत नाही, डोस देऊन पातळी बघतो. तुमचा दाढीचा रेझर, टूथब्रश, नखं कापायचं यंत्र वेगळं ठेवा. जेवणाची ताटं वेगळी करायची काही गरज नाही.

आणि एक राहिलं. तुम्ही स्वतःबद्दल, भावाबद्दल, मुलीबद्दल विचारलंत. आईंची सोनोग्राफी शेवटची कधी झाली ते मात्र लिहिलेलं नाही. विषाणू त्यांच्याकडे सगळ्यात जास्त वर्षं आहे, वयही सगळ्यात जास्त, आणि कॅन्सर झालेला माणूस त्यांचा सख्खा भाऊ होता. पॅनेलसाठी काढून ठेवलेल्या पैशांत या आठवड्यात आधी त्यांची सोनोग्राफी, एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरचा माग देणारी रक्ततपासणी) आणि व्हायरल लोड करून घ्या. तुमच्या तपासण्या त्यानंतर चार दिवसांनी झाल्या तरी चालतील.